शेवटचा अंक समोर आला नाही

ट्रंकेचं झाकण उघडलं आणि मला शिंक आली. मग दुसरी. मग शिंकांची अशी काही रांग लागली, की अंगणात टेम्पो लावून बसलेला रद्दीवाला दगाभाऊ दारातून डोकावून म्हणाला, "साहेब, जित्ता शेतस ना?"

"मिरच्या आहेत," कॉटवर बसलेले नाना अभिमानाने म्हणाले. "कसर लागू नये म्हणून. दर वर्षी नव्या टाकतो."

लोक कडुनिंबाचा पाला टाकतात. डांबराच्या गोळ्या टाकतात. पण आमच्या नंदुरबारकडे मिरचीला काय तोटा? नानांनी मासिकांच्या प्रत्येक थरावर सुकी लाल मिरची अंथरली होती. जुन्या मिरच्यांचा भुगा झाला होता, त्यावर नव्या. कसरीची आत शिरायची काय बिशाद! माझीही होत नव्हती. शेवटी नानांच्या सुनेने, मनीषावहिनींनी, ओला पंचा आणून दिला. तो नाकातोंडाला बांधून मी दरोडेखोरासारखा कामाला बसलो.

माझं काम म्हणजे जुन्या मासिकांची किंमत ठरवणं. हा धंदा असतो हे माझ्या सासऱ्यांना लग्नानंतर बरीच वर्षं पटलं नव्हतं. पण असतो. नाण्यांचे शौकीन असतात तसे मासिकांचेही असतात. ते पुण्या-मुंबईत असतात आणि ट्रंका असतात आपल्याकडे. मी मधला माणूस.

या कोरीट गावी मला नानांच्या मुलाने, योगेशने बोलावलं होतं. नाना निवृत्त शिक्षक. गुडघे गेलेले. रात्री संडासला जायचं तर अख्खं अंगण ओलांडून मागे जावं लागे. योगेशला नानांच्या खोलीतच कमोड आणि बाथरूम बांधायचं होतं. जागा कुठली? तर जिथे ट्रंका होत्या ती.

"साहेब, हिशोब सरळ शे," योगेश म्हणाला. "तुम्ही बोला, माल भारी शे, तर इकी टाकूत. तुम्ही बोला, फालतू शे, तर दगाभाऊ काटा लईसन बठेलच शे. आज खोली खाली व्हवाले पाहिजे."

"मी काही मागितलं का बाथरूम?" नाना कॉटवरून म्हणाले.

"पडशात ना एक दिन अंगणमा, मंग मांगशात," योगेश म्हणाला. आवाज चढा होता, पण त्यात राग नव्हता, काळजी होती.

मी अंक बाहेर काढायला लागलो. एकच मासिक होतं. त्याचं नाव सांगत नाही, धंद्यातली स्पर्धा तुम्हाला ठाऊक नाही. मासिक फार वर्षं चाललं नाही, पण चाललं तेवढं ऐटीत चाललं. मुखपृष्ठं अशी, की आजही माणूस दोन मिनिटं बघत बसतो.

किंमत ठरवताना मी आधी मजकूर वाचत नाही. आधी मुखपृष्ठ आहे का ते बघतो. मग पिना. पिना गंजल्या की कागद खातात. मग मधलं पान, कारण तिथे चित्र असतं आणि ते भिंतीवर गेलेलं असतं. मग कुपन. कुणीतरी कापून बक्षिसासाठी पाठवलेलं असतं आणि बक्षीस मिळालेलं नसतं. शेवटी शब्दकोडं. ते रिकामं असलं तर बरं.

नानांनी सगळी कोडी सोडवली होती. पेनने.

"खोडरबर नव्हतं का, नाना?"

"चुकलो असतो तर लागलं असतं," नाना म्हणाले.

बाकी माल मात्र झकास होता. काही पानांवर मिरचीचे तांबूस डाग होते, पण कागद कोरा करकरीत. मी एकेक अंक उचलायचो, उजेडात धरायचो, "वा!" म्हणायचो आणि मध्येच "पूर्ण संच निघतो की काय!" असं पुटपुटायचो. हा माझा दोष नाही, स्वभाव आहे. प्रत्येक "वा"ला योगेशचा चेहरा खुलायचा, दगाभाऊचा पडायचा. नवल म्हणजे नानांचाही पडायचा.

थोड्या वेळाने नानांनी मला हळूच विचारलं, "म्हणजे माल चांगला निघाला तर पुण्याला जाणार?"

"हो."

"आणि वाईट निघाला तर दगाच्या टेम्पोत?"

"तसं योगेश म्हणतोय."

"मग माझ्याकडे राहण्यासाठी तो कसा निघायला पाहिजे?"

मी इतकी वर्षं हा धंदा करतोय. मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. चांगला म्हणालो तर मासिकं जाणार, वाईट म्हणालो तरी जाणार. मी नुसताच पंचा नीट केला.

नाना शिक्षक होते. उत्तर आलं नाही की ते दुसऱ्या बाजूने प्रश्न विचारत. "तुम्ही मघाशी पूर्ण संच म्हणालात. ते काय असतं?"

मी खुलून सांगितलं. पहिल्या अंकापासून शेवटच्यापर्यंत एकही न गाळता सगळे अंक, तो पूर्ण संच. शौकीन माणूस त्याच्यासाठी वेडा होतो. त्यातही बंद पडलेल्या मासिकाचा शेवटचा अंक फार दुर्मीळ. तो थोडाच छापलेला असतो आणि मासिक बंद पडतंय हे माहीत नसल्यामुळे कुणी जपून ठेवत नाही.

"आणि एखादा अंक नसला तर?"

"तर घेणारा म्हणतो, तो मिळाला की या. सुटे अंक विकता येतात, पण संच फोडायचा म्हणजे हार तोडून मणी विकायचे. शहाणा माणूस तो अंक मिळेपर्यंत थांबतो."

"अस्सं," नाना म्हणाले.

तेवढ्यात चहा आला. मी, योगेश आणि दगाभाऊ अंगणात गेलो. नाना म्हणाले, माझे गुडघे दुखतात, मी इथेच घेतो.

चहा पिऊन परत आलो. उरलेला शेवटचा गठ्ठा सोडला, अंक लावले. शेवटून दुसरा होता. शेवटचा नव्हता. ट्रंक उलटी केली. मिरच्या पडल्या, सगळे शिंकलो, अंक पडला नाही.

"नाना, शेवटला अंक कोठे शे?" योगेशने विचारलं.

"घर ऊनाच नही व्हई," नाना म्हणाले. "टपालवाल्यानी लांबाडा व्हई."

मी नानांकडे पाहिलं. ते कॉटवर विलक्षण ताठ बसले होते. निवृत्त माणूस घरात इतका ताठ बसत नाही. सदऱ्याच्या आत पोट होतं, ते ठीक. पण पोटाला कोपरे होते. आणि नाना ते पोट आधी एका बोटाने, मग चार बोटांनी, मग दोन्ही हातांनी खाजवत होते. डोळ्यांत पाणी तरळलं होतं. मिरचीचा भुगा आपलं काम चोख करत होता.

"काय व्हयनं, नाना?" योगेश म्हणाला.

"उकडतंय."

मनीषावहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सासऱ्यांच्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत गेल्या आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या. "नाना, आम्ही बाहेर गऊत की पोटले लाई ल्या," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. असा अभिनय मी गावच्या तमाशातही पाहिला नाही.

आता पंचाईत माझी होती. मला बोलावणारा योगेश. पैसे देणारा तोच. त्याला मी खोटं सांगायचं नाही, हा माझा नियम. पण समोर एक म्हातारा माणूस भाजणारं पोट घेऊन गप्प बसला होता आणि आपल्या चौकोनी पोटाची तक्रार करत नव्हता.

मग मला माझं कामच आठवलं. मी समोर ठेवलेल्या मालाची किंमत सांगतो. कुणाच्या सदऱ्यातल्या मालाची नाही.

मी घसा साफ करून, नाटकातल्या न्यायाधीशासारखा उभा राहिलो. "योगेशभाऊ, माल उत्तम आहे. पण शेवटचा अंक तपासणीसाठी समोर आलेला नाही. त्यामुळे संच अपूर्ण. माझा सल्ला, आज विकू नका. रद्दीत तर अजिबात नको. तो अंक मिळेपर्यंत सगळं एकत्र, कोरड्या जागी ठेवा."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी पुन्हा तपासून पाहिलंय.

योगेश डोकं खाजवत राहिला. "मंग बाथरूम?"

"बठकमा काचनं कपाट रिकामंच शे," मनीषावहिनी म्हणाल्या. "तठे ठेवा. आल्यागेल्याले दिसतीन तरी."

दगाभाऊ काटा उचलून टेम्पोत बसला. "दोन तास बठाडं माले," तो म्हणाला, "आनि पदरात काय, तर शिंका!"

बाथरूम झालं. योगेशने धरायला स्टीलचा दांडा लावला, खाली न घसरणारी फरशी. मासिकं बैठकीत गेली, मिरच्यांसकट. आणि योगेश त्या अंकाच्या मागे लागला. खांडबाऱ्याच्या बाजारात विचारलं, शहाद्याच्या जुन्या वाचनालयात विचारलं. मुखपृष्ठ कसं ओळखायचं म्हणून आधीचे अंक उघडून बघू लागला आणि त्यातल्या क्रमशः कथेत अडकला. मधूनमधून मला फोन यायचा, "साहेब, त्या कथानं पुढे काय व्हयनं?" नाना गंभीरपणे त्याला सल्ला देत, "तळोद्याले एक मास्तर व्हता, त्याले विचारी देख."

परवा योगेशचा फोन आला. आवाज दबका.

"साहेब, शेवटला अंक सापडी गया."

"कुठे?"

"नानानी गादीखाले. चादर बदलतांना."

संच पूर्ण झाला होता. पुण्याचं गिऱ्हाईक तयार होतं. "मग? कळवू पुण्याला?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"नही," तो म्हणाला. "मी वाची काढा आनि परत तठेच ठेई दिना. नानाले सांगजात नका."

त्या संचाची नोंद माझ्याकडे अजून 'अपूर्ण' अशीच आहे. धंदा झाला नाही. पण कोरीटहून आल्यापासून मी कुठेही गेलो की ट्रंक उघडण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारतो, विकायचं नक्की कुणाला आहे?