एकट्याला ताट नाही

आमच्या खानावळीचा एकच नियम होता: एकट्या माणसाला ताट वाढायचं नाही. दुसरा कुणी येईपर्यंत थांबायचं आणि मग दोघांना समोरासमोर बसवायचं. नियम मालकांचा. मालक म्हणजे माझा नवरा. गिऱ्हाइकं म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणू लागले. लग्नाआधी पुण्यात हमाली करताना ते दोन वर्षं एका खानावळीत भिंतीकडं तोंड करून एकटे जेवले होते. “घास नुसता तोंडात फिरायचा,” सांगायचे. “आपल्याकडं तसं कुणी जेवायचं न्हाई.”

पिंपरीत तेव्हा औषधाचा कारखाना बांधायचं काम चालू होतं. मुंबई रस्त्याला पत्र्याची शेड टाकून आम्ही चूल मांडली. गवंडी, सुतार, खोदकामाची माणसं, कुणी कोकणातला, कुणी पार मराठवाड्यातला, बायकापोरं गावाकडं ठेवून आलेली. समोरासमोर बसली की आधी गप्प. मग “गाव कंचं?” आणि मग आमटी ओरपत अशी हसायची, की मला आतून ओरडावं लागायचं, “अहो, ठसका लागंल!”

शेवटची पंगत उठली की मग आम्ही दोघं. चुलीपुढंच बसायचो. तिखट लागलं की ते माझ्या ताटातलं दही पळवायचे आणि मी लटकी भांडायचे. उगाच सांगत नाही, माझ्या जन्मातलं सगळ्यात चांगलं जेवण ते.

शेड चालली. चालली म्हणजे काय, धो धो चालली! दोन-तीन वर्षांत चिंचवडला दुसरी खानावळ झाली, तळेगावला काचेच्या कारखान्याजवळ तिसरी, चाकणला कांदा-बटाट्याच्या बाजारात चौथी. चारही दारांवर एकच पाटी. सायकल गेली, फटफटी आली. लोक वाकून रामराम घालायला लागले आणि मालक तेवढे उंच दिसायला लागले. शेडमध्ये आचारी ठेवला आणि मला मागच्या नव्या खोलीत बसवलं. “आता तुला काम न्हाई, आराम कर,” म्हणाले.

मालक चारही ठिकाणची आमटी चाखून घरी यायचे, पोट भरलेलं. “तू जेवून घे गं,” म्हणायचे आणि आडवे व्हायचे. पहिलं वर्षभर मी थांबत राहिले. भाकरी कडक होऊन जायची. मग थांबायचं सोडलं. खोली अरुंद, ताट भिंतीशीच मांडावं लागायचं. साऱ्या रस्त्याला एकट्यानं जेवू न देणारा माणूस, आणि त्याची बायको भिंतीकडं तोंड करून! मेलं कौतुक! पण तोंडातून शब्द काढला नाही. माझं चुकलं ते तिथंच.

मग कारखाना सुरू झाला, भोंगा आला. बांधकामाच्या माणसांना जेवायला वेळ असायचा. पाळीच्या माणसाला अर्धा तास. तो एकटाच धावत यायचा आणि आमचा माणूस त्याला दारात धरायचा, “थांबा, दुसरा येऊ द्या.” एकदा एक जण कळवळून म्हणाला, “मालक, भोंगा व्हईल राव, वाढा की!” मालकांनी हात जोडले, पण वाढलं नाही. तो उपाशीच परत गेला. दुसऱ्या दिवशीपासून डबा आणू लागला. हळूहळू सगळेच आणू लागले.

“सोडा की तो नियम,” मी म्हटलं.

“ह्या नियमानंच वर आलो, त्यालाच सोडू?” त्यांचे डोळे भरले होते. हट्टी माणूस!

बाकीच्या ठिकाणीही घाईची माणसं दारातूनच परत फिरू लागली. चाकण बंद पडलं, मग तळेगाव, मग चिंचवड. फटफटी विकली. शेवटी आमच्या शेडचीही चूल विझवली, त्या दुपारी मालक खोलीत आले. किती वर्षांनी त्यांना खरी भूक लागलेली दिसत होती.

“वाढ,” म्हणाले. “दोघं बसू.”

मी सकाळपासून उपाशी होते. पण इतक्या वर्षांचा राग नेमका तेव्हाच वर आला. “माझं झालंय,” म्हटलं, आणि त्यांच्यापुढं एकच ताट ठेवलं.

ते ताटाकडं बघत राहिले. मग उठून उंबऱ्यावर जाऊन बसले. “येऊ दे कुणी तरी,” म्हणाले.

पाळी सुटली. माणसं डबे हलवत रस्त्यानं चालली होती. त्यांतल्या एका जुन्या गिऱ्हाइकाला मालकांनी हाक मारली, “पाव्हणं, या जेवायला. पैसं नकोत.”

त्यानं लांबूनच डबा वर करून दाखवला. “माझं झालंय, मालक!”

मालक आत आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि भिंतीकडं तोंड करून निजले. ताट तसंच होतं. मी नुसतं शेजारी जाऊन बसले असते, अर्धी भाकरी मोडून घेतली असती, तरी ते जेवले असते. मी बसले नाही. ताट झाकून ठेवलं.

पुढं आम्ही बरीच वर्षं एकत्र जेवलो, पण त्या दुपारी मी उपाशी होते, हे त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.