घंटेआधीची तीन अक्षरे

दिवसा तो लिफ्टची दुरुस्ती करी आणि संध्याकाळी टायरच्या गोदामावरच्या लांबट खोलीत मुष्टियुद्ध शिकवी. नाक दोनदा मोडून उजवीकडे कललेले होते. "मी वळायच्या आधी माझं नाक वळतं," असे तो स्वतःच सांगे. शिकणारे सगळे त्याला काका म्हणत. खरा पुतण्या मात्र त्यांत एकच होता. थोरल्या भावाचा मुलगा, चोवीस वर्षांचा, व्यवसायाने गवंडी.

थोरला भाऊही एके काळी लढत असे. एका लढतीत कानशिलावर ठोसा खाऊन तो कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसला. काकाने दोन बोटे दाखवली; भाऊ "दोन" म्हणाला. नाव विचारले, तेही बरोबर सांगितले. पुढच्या फेरीत कोणी हात लावण्याआधीच तो कोसळला. त्यानंतर मरेपर्यंत, अकरा वर्षे, त्याला चमच्याने भरवावे लागले.

इस्पितळात भावाच्या उशाशी बसून काका वर्तमानपत्रातले कोडे सोडवू लागला: दिलेली तीन अक्षरे ज्यात येतात असा इंग्रजी शब्द शोधा. त्याचे इंग्रजी शाळेपुरतेच, त्यामुळे एकेका शब्दासाठी डोक्याला घाम फुटे. तिथेच त्याच्या ध्यानात आले की आपल्या भाषेत माणूस झोपेतही बोलतो, शुद्ध हरपतानाही बोलतो. परक्या भाषेतला शब्द हुडकायला मात्र पुरते जागे असावे लागते. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक लढवय्याला दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात तीन अक्षरे मिळत. शब्द सापडला नाही तर काका रिंगणात टॉवेल फेकी आणि लढत तिथेच संपे. वहिनीने मुलाला लढू दिले ते याच भरवशावर. "भावजी, तो टॉवेल तुमच्या हातात असला तरी माझा आहे," असे तिने बजावले होते.

अजिंक्यपदाची लढत रविवारी दुपारी झाली. फेऱ्या सहा. समोरचा गडी खाटीक होता आणि मारतही खाटकासारखाच होता: न रागावता, नेमका सांध्यावर. पहिल्या फेरीत त्याने पुतण्याच्या बरगड्या झोडपल्या. दुसरीत पुतण्याने त्याची भुवई फोडली आणि दोघांच्याही छातीवर एकाच माणसाचे रक्त दिसू लागले.

"के, एन, ओ," काका म्हणाला.

"थांब ना जरा, श्वास तरी घेऊ दे." पुतण्या हातमोज्याच्या आत बोटे मोजत राहिला. "मंकी."

"कुणाला म्हणतोस रे?"

"शब्द तूच मागितलास. ज्याचा त्याने लावून घ्यावा."

तिसऱ्या फेरीत त्याचा ओठ फाटला.

"एच, आर, टी."

"थ्रेड," बऱ्याच वेळाने उत्तर आले. "दोरा लागणारच आहे, काका. ओठ लोंबतोय."

"शिवू नंतर. तू बडबड कमी कर."

चौथी फेरी पुतण्याने निर्विवाद जिंकली. पाचवीत त्याने खाटकाला दोरांवर दाबून धरले. पोटात, बरगडीत, मग जबड्यावर. त्या जबड्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. खाटीक गुडघ्यावर आला, पंचाने आठ मोजेपर्यंत उठला आणि उठताच त्याने आंधळा ठोसा हाणला. तो पुतण्याच्या कानामागे बसला. क्षणभर पुतण्याचे दोन पाय दोन वेगळ्या माणसांचे झाले. पण तो पडला नाही. घंटा होईपर्यंत मारतच राहिला.

एक फेरी उरली होती आणि गुणांत तो पुढे होता.

"एम, ओ, टी."

"मदर."

ना कुरकुर, ना मोजणे. काकाच्या हातातला स्पंज थबकला.

"एल, ओ, एस."

"सोल्जर."

तेही बरोबर. नजर मात्र काकाच्या खांद्यापलीकडे कुठेतरी खिळलेली. मग काकाने काहीच विचारले नाही.

"ब्लेड," पुतण्या म्हणाला.

टॉवेल रिंगणाच्या मधोमध पडला.

"काका, मी जिंकत होतो!"

"होतास."

पहिला ठोसा काकाच्या जबड्यावर बसला, दुसरा कानावर. काका दोरांत अडकला म्हणून पडला नाही, आणि पडला नाही म्हणून तिसराही बसला. लोक शिट्ट्या मारत होते, कोणी खुर्ची भिरकावली. शेवटी पंच आणि खाटीक यांनी मिळून पुतण्याला मागे ओढले. "अरे, तो तुझाच माणूस आहे!" रक्ताने डोळा मिटलेला खाटीक ओरडत होता.

संध्याकाळी इस्पितळात काकाचा जबडा तारेने बांधला. वहिनी मुलाला दंडाला धरून घेऊन आली. त्याच्या ओठावर टाके होते. डोके तपासून घ्यायला त्याने साफ नकार दिला होता.

"चारशे शब्द पाठ करून आलो होतो," तो दारातूनच गरजला. "म्हणून पटापट सांगितले. पाठांतर केलं तर त्यात माझं काय चुकलं?"

काकाने औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिले: शेवटी मी काही विचारलंच नव्हतं.

"खोटं! विचारलंस. तीन अक्षरं. मी या कानांनी ऐकली."

"कोणती रे?" वहिनी म्हणाली.

त्याने तोंड उघडले. मिटले. "थांब, सांगतो," म्हणाला आणि भिंतीकडे पाहत राहिला. वहिनीने त्याच्या तोंडाकडे पाहत वाट पाहिली. मग एकाएकी ती डॉक्टरांना हाका मारत बाहेर धावली.

काका पलंगावरून उतरला आणि पुतण्याला खांद्याला धरून आपल्या जागी बसवू लागला. या वेळी पुतण्याने हात उगारला नाही.