रिकाम्या जागेवरची थाप

"मावशी, बाबा गेले..." धुळ्याहून प्रल्हादभाऊंच्या सुनेचा, वैशालीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. पुढे ती काय बोलली ते नीट आठवत नाही. फोन ठेवल्यावर वाटलं, कुणाला तरी कळवायला हवं. मग लक्षात आलं, ज्यांना कळवायचं ते सगळे आधीच गेलेत. आमच्या जुन्या ऑर्केस्ट्रातले आम्ही दोघंच उरलो होतो.

प्रल्हादभाऊ दिवसा सायकली दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी कोंगो, म्हणजे हातानं वाजवायचे ते उभे ढोल, वाजवायचे. मी गायची. सोनगीरपासून वरणगावपर्यंत एकही गणेश मंडळ आम्ही सोडलं नसेल. माझ्याहून ते वर्षभरानं लहान, पण भाऊ म्हणायची सवय सगळ्यांनाच. लग्न होऊन मी जळगावला आले आणि गाणं सुटलं. कुणी नको म्हटलं नाही, कुणी गा असंही म्हटलं नाही. प्रल्हादभाऊ मात्र दर भाऊबीजेला यायचे आणि निघताना हमखास अहिराणीत विचारायचे, "अक्का, गळा कसा शे?" मी म्हणायची, "पोळ्या चांगल्या लाटते." ते हसायचे नाहीत. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. कोंगोची जोडी त्यांनी धुळ्यातल्याच एका पोराच्या बँडला देऊन टाकली, आणि त्यानंतर भाऊबीजेलाही तो प्रश्न विचारला नाही.

गेल्या हिवाळ्यात जळगावात लॅटिन संगीताचा कार्यक्रम झाला. जाहिरातीतल्या फोटोत कोंगो दिसले, म्हणून मी त्यांना फोन केला. मुलानं गाडीनं सोडतो म्हटलं तरी हट्टानं एकटेच बसनं आले. एरंडोलला पाय मोकळे करायला उतरले आणि बस त्यांना सोडूनच निघाली होती, हे मात्र मोठ्या कौतुकानं सांगितलं.

आधी नुसता पियानो वाजला, पाश्चात्त्य अभिजात वळणाचा, इतका संथ की मला भाऊंची काळजी वाटायला लागली. मग ट्रम्पेट आला, जॅझची ती मनमौजी चाल आली. आणि मग पांढऱ्या केसांच्या एका क्यूबन म्हाताऱ्यानं कोंगोवर हात टाकला. भाऊ खुर्चीत पुढे सरकले. "हाई बठ्ठं आपलंच शे, अक्का," ते म्हणाले. सगळं आपलंच. तीस वर्षं जे वाद्य वाजवलं, त्याचं माहेर ते पहिल्यांदा ऐकत होते. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर ते पाय ओढत थेट मंचापाशी गेले. भाषेचा प्रश्नच आला नाही. त्या वादकानं त्यांचा डावा तळवा उलटून पाहिला, घट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि स्टूल पुढे ओढलं. भाऊंनी एका हातानं ठेका धरला. उजव्या हाताच्या जागा रिकाम्या पडत होत्या. त्या माणसानं थोडा वेळ नुसतं ऐकलं, आणि मग नेमक्या त्या रिकाम्या जागांवर आपली थाप ठेवायला सुरुवात केली. दोघांचा मिळून एक ताल उभा राहिला...

भाऊ माझ्याकडे वळले. "अक्का, म्हना ना!"

गाणं ओठांवर आलं होतं. खोटं कशाला सांगू. पण माणसं खुर्च्या उचलत होती, सगळे बघत होते, आणि माझं हे वय. "पुढच्या वेळी, भाऊ," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि वाजवत राहिले. ती आमची शेवटची भेट.

तेराव्यानंतर धुळ्याला गेले. वैशालीनं मला त्यांच्या खोलीत बसवलं. पलंगाशेजारच्या टीपॉयचं पॉलिश डाव्या बाजूला पार उडून गेलं होतं, लाकूड गुळगुळीत झालं होतं. मी त्यावरून हात फिरवला.

"दुपारी जेवण झालं की तासभर यावरच वाजवायचे," वैशाली म्हणाली. "मला मालिका ऐकू येईना, मग मी टीव्हीचा आवाज वाढवायची." मग टीपॉयकडे बघत म्हणाली, "अजूनही हात आपोआप जातो, मावशी. आवाज वाढवते... आणि मग कळतं."

बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठ्यानं चालू होता. आम्हा दोघींपैकी कुणीच तो बारीक करायला उठलं नाही.