कप्तानाचा टाक

आमच्या बीडजवळच्या पालीच्या घरात, देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकांमध्ये एका अमेरिकन कप्तानाचा बिल्ला पुजला जायचा, ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. लाज वाटायची. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. बीडला कॉलेजात इतिहास शिकवतो. त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. पण त्या अभिमानात एक ताठा होता, आणि देवाचं म्हटलं की मला हसू यायचं.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मजूर पलटणीत होते. आसामातून ब्रह्मदेशाकडे डोंगर फोडून रस्ता चालला होता आणि त्यांच्या तुकडीवर हुकूम एका अमेरिकन कप्तानाचा. उंच माणूस, जरासा वाकून चालणारा. सगळ्यांचं वाढून झालं की स्वतःचं ताट घेऊन तो रांगेत शेवटी उभा राहायचा. काम सुटलं की प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून माणसं मोजायचा. मोजणी भरल्याशिवाय गाडी हलू द्यायचा नाही. एकदा पावसात दरड कोसळली आणि मोजणीत एक कमी भरला. तो एक म्हणजे तापानं फणफणलेले आजोबा. कप्तान स्वतः मागं गेला, त्यांना पाठीवर घेऊन आला, माणसांच्या हाती दिलं, आणि त्याच क्षणी दुसरी दरड त्याच्यावर आली. त्याच्या गळ्यातल्या नाव-नंबराच्या दोन बिल्ल्यांपैकी एक आजोबांच्या मुठीत राहिला. आमच्यात अकाली गेलेल्या माणसाचा टाक करून देवात बसवतात. आजोबांनी तो बिल्लाच बसवला. सर्वपित्रीला त्याचंही पान वाढलं जायचं.

दोन वर्षांपूर्वी सैन्यातल्या नेतृत्वावर शिकवताना मी तो बिल्ला उचलला. शेंदूर घासून काढला. खालून नाव, नंबर, रक्तगट आणि धर्माचं एक अक्षर निघालं. पोरांना दाखवला आणि कॉलेजातल्या कपाटात ठेवला. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांचा विसराळूपणा तेव्हा सुरू झाला होता, पण देव्हाऱ्यातली रिकामी जागा त्यांनी लगेच ओळखली.

"लई शिकलास रं. त्यो पत्रा न्हाई, माणूस हाय. कुठं ठिवलास त्याला?"

"कपाटात, दादा. नीट ठेवलाय."

"कुलूप लावलंस?"

"लावलं की."

"मंग त्यो कसा यील?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यानंतरच्या भाद्रपदातली ती सकाळ. उजाडलं तेव्हा दादांची खाट रिकामी आणि दार सताड उघडं. गावालगतचं बिंदुसरा धरण काठोकाठ भरलेलं होतं. बायको म्हणाली, "आधी पाण्याकडं बघा." बाहेर एवढं धुकं की स्वतःचे पाय दिसेनात. पाण्याच्या कडेला चिखलात दादांची एक चप्पल रुतलेली सापडली. एकच. पुढं नुसतं पांढरं. मी हाका मारल्या तर माझाच आवाज तोंडाशी परत आल्यासारखा वाटे. पक्षी नाही, वारा नाही. गुडघे टेकले. कुठलाही मंत्र आठवेना. तोंडातून निघालं ते एवढंच, "कप्तानसाहेब, एक माणूस कमी हाय."

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग धुक्यातून शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या आणि मागून एक म्हातारी आली.

"कावून वरडायला, भाऊ? तुमचा म्हातारा वर बसलाय की दगडावर. पाण्यात पार गुडघ्याइतका गेलता. मी हाक मारस्तोवर त्या दुसऱ्यानं खांद्याला धरून मागं घेतलं."

"दुसरा कोण?"

"त्यो उंच. वाकून चालत व्हता. तुमच्यातलाच आसंल म्हणून म्या इचारलं, कुठले? बोललाच न्हाई बया."

दादा दगडावर बसले होते, गुडघ्यापर्यंत ओले, अगदी शांत. आसपास कुणी नव्हतं. मी विचारलं, कोण होतं? म्हणाले, "मोजायला आलता." मी खाली वाकून चिखलात पावलं शोधली. एका चपलेचे आणि एका अनवाणी पायाचे, एवढेच ठसे. बाकीचं शेळ्यांनी तुडवलेलं. त्याचा अर्थ मी लावत बसलो नाही. म्हातारीलाही पुन्हा खोदून विचारलं नाही. बिल्ला त्याच दिवशी देवात परत आला, पुन्हा शेंदूर लावून.

आता दाराला रात्रंदिवस कडी असते. आपलं काम आपण करायचंच. पण बापाला राखणारा मी एकटा, ही माझी घमेंड त्या पाण्याकाठी राहिली. तिचं ओझं केवढं होतं, ते उतरल्यावर कळलं. आता दादा मला ओळखत नाहीत. पूर्वी मी चिडायचो, पुन्हा पुन्हा नाव सांगायचो, जणू परीक्षाच घेतोय. काल दुपारी ताटावर बसल्या बसल्या माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "तुमी कोणच्या गावचे, पाव्हणं?"

"हितलाच, दादा."

"मंग उभे कावून? बसा, जेवून जावा." आणि आपल्या ताटातली अर्धी भाकरी त्यांनी माझ्यापुढं केली. मी दोन्ही हातांनी घेतली.