मला न विचारता

रोह्याच्या एका कारखान्यासाठी मी कोबोल या जुन्या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम लिहून दिला होता. कोण कुठल्या शिफ्टला आणि कुठल्या बसला, याचा तक्ता तो काढायचा. निडी गावच्या एखाद्या माणसाची पाळी बदलली की प्रोग्रॅममध्ये सात ठिकाणी हात घालावा लागे, आणि ती सात ठिकाणं फक्त मला ठाऊक. मग पेणला माझ्या घरी फोन यायचा, "साहेब, उद्या येताय ना?" मी कुरकुरत जायचो. मनातून खूश असायचो, खोटं कशाला बोलू?

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कारखान्यात नवे कॉम्प्युटर आले. मॅनेजर म्हणाले, "हे सगळं सी प्लस प्लसमध्ये हवं. दोन महिन्यांत जमलं तर काम तुमचं, नाहीतर मुंबईची माणसं बघू." पंधरा वर्षं प्रोग्रॅम लिहीत होतो. एक भाषा ती काय! जाडजूड पुस्तक आणलं आणि तीन आठवड्यांत प्रोग्रॅम चालवून दाखवला.

तपासायला होती वरसे गावातली एक मुलगी, कॉम्प्युटर विभागात नुकतीच लागलेली. तिने सगळी पानं शांतपणे वाचली.

"चालतोय सर. पण हा कोबोलच हाय. नुसते कपडे बदललेत."

माझं डोकं फिरलं. "चालतोय ना? मग झालं!"

"उद्या निडीची बस बंद झाली तर?"

"मला बोलवायचं."

"तेच तर," ती म्हणाली.

नव्या भाषेत प्रोग्रॅममधल्या बसने आपली माहिती आपल्यापाशी ठेवायची, कामगाराने आपली. एकाने दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही, काम हवं तर सांगायचं. मग एक गोष्ट बदलली तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही, आणि ती कोणीही बदलू शकतो. हे मला पुस्तकाच्या दुसऱ्याच प्रकरणात कळलं होतं. कळलं होतं, पण नको होतं. त्याची मला लाज वाटली.

पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. जुनी खोड जाता जाईना. "सर, बसला माणसाची रजा कशाला कळायला हवी?" असं ती विचारायची, आणि मी खोडायचो.

मुदत संपली त्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "गडब गावाला एक नवा थांबा घाला बघू." मी खुर्ची पुढे ओढली.

"तुम्ही नको. ती घालेल."

तिला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तिने एकदाही मागे वळून मला काही विचारलं नाही. तक्ता बिनचूक निघाला.

"वा!" मॅनेजरनी माझा हात हातात घेतला. "काम तुमचं. आता तुम्ही नसलात तरी आमचं अडणार नाही."

ते मनापासून कौतुक करत होते. मी हसून आभार मानले, आणि पुढे ओढलेली खुर्ची पुन्हा जागेवर ढकलली.