ब्रिजी लायनीत उभी राहत नाही

माझ्या बायकोला एक खोड आहे. सकाळी चहाबरोबर ती त्या दिवसाचं वाचन वाचते आणि संध्याकाळपर्यंत ते करून मोकळी होते. आम्हा कॅथलिकांचं रोजचं वाचन आधीच ठरलेलं असतं, सगळ्या चर्चमध्ये तेच. पण वाचून गप्प बसायचं असतं ना बाबा! आम्ही बसतोच की. भुकेल्याला घाला असं आलं की माझ्या वाटणीचे बोंबील रस्ता खणणाऱ्या माणसांच्या ताटात. आजाऱ्याला भेटा असं आलं की मी स्कूटर काढायची आणि कळव्याच्या हॉस्पिटलात जायचं, जिथे आमच्या ओळखीचं कुणीही नसतं. ती कुणाच्याही खाटेपाशी बसते, मोसंबी सोलून देते, जपमाळ ओढते. मी बाहेर उभा राहून शिव्या घालतो. मनातल्या मनात.

मी आंतोन परेरा, राहणार कोलशेत. इथल्याच एका कारखान्यात फिटर होतो, आता रिटायर्ड. बायकोचं नाव ब्रिजिडा, पण सगळं गाव तिला ब्रिजीबायच म्हणतं.

यंदा ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला आणि एका शुक्रवारी ते वाचन आलं. देवापुढे काही ठेवायला आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही सलतंय, तर आधी जा, त्याच्याशी गोड हो, मग ये, असा त्याचा अर्थ. ब्रिजीनं कप खाली ठेवला. मला तेव्हाच कळलं, आता आपली काही धडगत नाही.

सलत होतं ते तिच्या जावेच्या मनात. माझा धाकटा भाऊ झेवियर कल्याणला राहतो, त्याची बायको लुर्डीन. आमची माय गेली तेव्हाची, काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्यात जुन्या बायकांचं लग्नातलं लाल लुगडं असतं. मायनं सगळ्यांना बजावून ठेवलेलं, मला माझ्या लुगड्यातच पुरा. ते लुगडं लुर्डीनकडे होतं. मायची लाडकी होती ना ती! माय गेली मे महिन्यात. उन्हाचा कहर, घर माणसांनी भरलेलं, फादरना पुढे आणखी एक मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होती. लुर्डीन लुगडं घेऊन निघालेली, पण वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकली. सगळे ब्रिजीच्या तोंडाकडे बघत होते. ब्रिजीनं आपली पांढरी साडी मायला नेसवली आणि पेटी बंद करायला सांगितलं.

लुर्डीन आली तेव्हा आम्ही कबरस्तानात पोचलेलो. लुगड्याची पिशवी छातीशी धरून ती धावत आली. पेटी बंद बघितली आणि चारचौघांत ब्रिजीला म्हणाली, "मोठेपणा मिरवलास ना? आता बस एकटी." बस, त्या दिवसापासून बोलणं बंद. मी आणि झेवियर फोनवर बोलायचो, तेसुद्धा चोरून. साठीच्या पुढचे दोघे भाऊ, आणि शाळेतल्या पोरांसारखे!

त्या रविवारी मिस्साला गेलो. कम्युनियनची वेळ झाली, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घ्यायला लोक लायनीत उभे राहतात ती. मी उठलो. ब्रिजी बसून राहिली.

"चल की," मी म्हटलं.

"तुम्ही जा."

आता हे बाहेरच्यांना कळायचं नाही. लहानपणापासून जिनं एक रविवार चुकवला नाही, ती बाई बाकावर बसली की अख्ख्या चर्चच्या माना वळतात. न घेणारा म्हणजे मोठं पाप डोक्यावर असलेला, असंच लोक धरून चालतात. बाहेर पायरीवर दोघी कुजबुजत होत्या, हिनं या वयात काय केलं असेल गं? माझं डोकंच सटकलं. मी म्हटलं, "बँक लुटली. जा, पोलिसांना सांगा!" ब्रिजीनं मला दंडाला धरून ओढत नेलं.

मग एकदा ती स्वतःच कल्याणला गेली. मी खाली स्कूटरपाशी थांबलो. ती लगेच परत आली, चेहरा उतरलेला.

"काय म्हणाली?"

"मी सगळं सांगितलं. ऊन होतं, माणसं खोळंबलेली, फादरना घाई होती. ती म्हणाली, झालं सांगून? मग जा."

"मग झालं तर! तू गेलीस, तिनं हाकललं. तुझं काम संपलं."

फादरनीही तेच सांगितलं. तुम्ही गेलात, मनापासून गेलात, आता बिनदिक्कत लायनीत या. फादरपेक्षा हिला जास्त कळतं का? पण ऐकेल तर ती ब्रिजी कसली! ईस्टरला अख्खं चर्च फुलांनी सजलं, गाणी झाली, सगळे नव्या कपड्यांत पुढे गेले आणि ही आपली जपमाळ मुठीत धरून बाकावर. खरं सांगतो, त्या दिवशी मला रडू आलं. तिला ज्याची भूक होती ते पुढ्यात होतं आणि ती हात लावत नव्हती.

शेजारची गोदा माडी चढून आली. तिचं सगळं आमच्या घरात चालतं, आमचं तिच्या. ती म्हणाली, "तुमचा देव लय कडक दिसतोय गो."

"देव नाय गं," ब्रिजी म्हणाली. "मीच."

आणि मे महिन्यात आमच्या नातीचं, जेनिशाचं पहिलं कम्युनियन आलं. घरात सणच असतो तो. पांढरा फ्रॉक, डोक्यावर फुलांची रिंग. पोरीचं एकच पालुपद, "आजी, मी घेतलं की माझ्या मागे लगेच तू घ्यायचं हां." ब्रिजी तिच्या केसांना तेल लावत होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. रात्री मला म्हणाली, "अहो, मी पोरीला काय सांगू?" मी म्हटलं, "सांग, आजी हट्टी आहे." आणि लगेच वाईट वाटलं, कारण तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं.

मी गुपचूप झेवियरला फोन लावला. म्हटलं, तुझी नात आहे, लुर्डीनला घेऊन ये. तो म्हणाला, बघतो. बघतो म्हणजे आमच्यात नाही.

पण आले! मिस्सा सुरू झाल्यावर आले आणि पलीकडच्या रांगेत बसले. ब्रिजीनं बघितलं, लुर्डीननं बघितलं, दोघींनी माना फिरवल्या. शांतीची वेळ आली, म्हणजे सगळे आजूबाजूच्यांना हात जोडतात ती. ब्रिजीनं पुढे जोडले, मागे जोडले. पलीकडे वळायला ती अर्धी उठली आणि परत बसली. मी कपाळावर हात मारला.

पोरांचं कम्युनियन झालं. जेनिशा घेऊन वळली आणि मान उंच करून आजीला शोधायला लागली. मग मोठ्यांची लायन लागली. बाकं रिकामी होत गेली. मी उभा राहिलो, झेवियर माझ्या मागे येऊन लागला. मी मागे बघितलं. मधल्या वाटेच्या या बाजूला एकटी ब्रिजी. त्या बाजूला एकटी लुर्डीन.

"ती का बसलीय?" मी विचारलं.

"ती कुठे घेते, दादा," झेवियर खालच्या आवाजात म्हणाला. "माय गेल्यापासून नाही घेतलं. कबरीपाशी बोलू नये ते बोलले म्हणते. ब्रिजीबायला सांगायची लाज वाटते."

आम्ही काही महिन्यांचं दुःख करत बसलेलो आणि ती बाई तिकडे कल्याणला किती वर्षं तशीच बसलीय! मी लायन सोडली. चर्चमध्ये असं करत नाहीत, पण मी सोडली. ब्रिजीपाशी वाकून म्हटलं, "ती पण घेत नाही. माय गेल्यापासून."

ब्रिजीनं माझ्याकडे बघितलं. मग ती उठली, मधली वाट ओलांडली आणि लुर्डीनच्या शेजारी जाऊन बसली. मी मागोमाग गेलो, नवराच आहे मी तिचा, ऐकणारच.

या खेपेला उन्हाचं नाव नाही, फादरचं नाही, माणसांचं नाही. ती एवढंच म्हणाली, "लुर्डीन, मी थांबायला हवं होतं. मायला लुगडं मिळालं असतं."

पुढे लायन संपलेली, फादर प्रसादाचं भांडं हातात धरून आमच्याकडेच बघत उभे. सगळं चर्च बघत होतं.

मग लुर्डीननं पदरानं नाक पुसलं, ब्रिजीचा हात धरला आणि तिला उठवलं.

"चल बाय," ती म्हणाली. "आता तरी कुणासाठी थांबू नको. फादरचे हात दुखतील."