कप्तान मरत नाही

आधी कव्हर आणि मागून गोष्ट, असा त्या छापखान्याचा उलटा कारभार होता. ‘पोलादी पलटण’ या खिशात मावणाऱ्या कादंबऱ्या तिथून निघायच्या. काळ पुढचा, पृथ्वी मोडीत निघालेली, आणि चिलखत घातलेले निवडक शिपाई एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर लढत हिंडताहेत, एवढंच काय ते ठरलेलं. बाकी सगळं चित्रकार बाईंच्या हातात. त्यांनी आधी कव्हर रंगवायचं, मग ते लेखकाकडे जायचं, आणि चित्रात जे दिसेल ते त्या बिचाऱ्याने गोष्टीत कुठेतरी घडवून आणायचं. मालकाचं म्हणणं असं की लोक पुस्तक उचलतात ते कव्हर बघून, आणि आत तसलं काही सापडलं नाही की शिव्या घालतात. ते काही खोटं नव्हतं.

बाई मूळच्या दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या. अक्षर झकास, पण मनाने माणूस काढायला सांगितला की त्यांची दांडी गुल. समोर कोणी उभं नसलं तर त्यांचे शिपाई कापडाच्या दुकानातल्या पुतळ्यांसारखे दिसायचे, हे त्या स्वतःच हसत सांगायच्या. म्हणून पलटणीचा कप्तान करायला त्यांनी धाकट्या भावाला धरून आणलं. भाऊ प्लंबर. अंगाने दणकट, नाक तरतरीत, आणि ताईला नाही म्हणायची सवय नाही. जुन्या गीझरचा पत्रा कापून त्याने स्वतःच चिलखताचे खांदे केले, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट चढवलं आणि प्लास्टिकच्या पाइपला शॉवरची जाळी लावून बंदूक तयार केली. पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारात तो उभा राहायचा, कारण घरात बरा उजेड म्हणावा तर तेवढाच. बाईंचे यजमान चहा आणायला जाताना कप्तानाला सलाम ठोकायचे आणि त्याच्या काखेखालून वाकून पलीकडे जायचे.

एकदा भाऊ कामावरून थेट आला आणि कमरेचा पाना काढून ठेवायचा राहून गेला. बाईंची चित्र काढायची तऱ्हा अशी की दिसेल ते उतरवायचं, डोकं चालवायचं नाही. पानाही उतरला. दोन हजार वर्षांनंतरचा शिपाई, पाठीवर अग्निबाण, आणि कमरेला नळ खोलायचा पाना! लेखकाने कपाळाला हात लावला असणार. पण गडी हुशार. त्याने कप्तानाला शत्रूच्या जहाजात शिरवलं, तिथला एक व्हॉल्व्ह आवळायला लावला आणि एकही गोळी न झाडता लढाई जिंकून दिली. वाचकांना हे इतकं आवडलं की पाना कप्तानाला कायमचा चिकटला. भाऊ ते पुस्तक पिशवीत घेऊन गिऱ्हाइकांना दाखवत फिरायचा आणि म्हणायचा, “ही आयडिया माझी.” आयडिया कसली डोंबलाची, नुसता विसराळूपणा. पण त्याच्या आनंदात मिठाचा खडा कोण टाकणार?

अशी बरीच वर्षं गेली. भावाच्या कानाशी केस पांढरे झाले; बाई ते काळे रंगवत राहिल्या. मग विक्री घसरली. मालकाने बाईंना बोलावून घेतलं.

“पुढच्या कव्हरवर कप्तान मेलेला दाखवा,” तो म्हणाला. “चांगला मेलेला. एकदाचा गाशा गुंडाळू, पण थाटात.”

बाई बसल्या जागी गार पडल्या. त्याच आठवड्यात भावाचं दुखणं बाहेर आलं होतं. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यात जिवाला धोका आहे हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. बाई काही नवससायास करणाऱ्यांतल्या नव्हत्या. तरी आपण काढू ते घडतं, हे त्यांनी पुस्तकापुस्तकातून पाहिलं होतं. भावाला मेलेला काढायला त्यांचा हात धजेना. सरळ सांगायचं तर त्या घाबरल्या होत्या.

आधी त्यांनी यजमानांना चिलखत चढवून पाहिलं. पोट आडवं आलं. पत्रा ओढून बांधला तर यजमान लालबुंद झाले आणि म्हणाले, “अगं, चित्र होईपर्यंत मी खरोखरच जायचा.” आणि यजमानांच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी भाऊ हजर.

“कप्तान मी का भावोजी?” त्याने दारातूनच विचारलं. “इतकी वर्षं उभं राहायला मी, आणि मरायला बदली माणूस?”

“तुला विश्रांती सांगितलीय,” ताई म्हणाली.

“मग आडवंच तर व्हायचंय. याहून वेगळी विश्रांती कसली असते?”

त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालणार! जेवायचं टेबल ओढून उजेडात आणलं आणि कप्तान त्यावर मरून पडला. हात ताठ, पाय ताठ, डोळे मिटलेले. बाईंनी कागद लावला. रेघ ओढायची म्हणून ओढत होत्या. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की गडी घोरतोय. औषधांनी त्याला हल्ली कुठेही झोप लागायची. एक गुडघा हळूच वर आला, हात गालाखाली गेला आणि लहानपणी झोपायचा तसा तो कुशीवर वळून गाढ झोपला.

बाईंनी त्याला हलवून सरळ करायला हवं होतं. त्यांनी केलं नाही. दिसेल ते उतरवलं: वर आलेला गुडघा, गालाखालचा हात, जरासं उघडं तोंड. मग भोवती जळकं जहाज, पडलेले शिपाई, धूर आणि लाल रंग असा काही ओतला की मालक कव्हर बघून म्हणाला, “वा, काय मेलाय!”

लेखकाचा मात्र फोन आला. हा माणूस दिवसभर एका गोदामात माल मोजायचा आणि उरल्या वेळात पलटण लढवायचा. दोघं इतकी वर्षं एका पुस्तकावर काम करत होती, पण बोलणं क्वचितच.

“बाई, हा मेलेला नाही.”

“नाही.”

“झोपलाय.”

“हो.” आणि मग बाईंनी त्याला भावाचं सगळं सांगून टाकलं.

“मालकाने मरण सांगितलंय,” तो म्हणाला. “पण चित्रात असेल ते लिहायचं, हाही त्यांचाच नियम. मी दिसतंय ते लिहितो.”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने शेवटचं प्रकरण इस्पितळात पोचवलं. भावाने उशीला टेकून ते वाचलं. एकट्याने खिंड लढवून दमलेला कप्तान मेलेल्या शिपायांत झोपून जातो. शत्रू मेला समजून त्याला ओलांडून पुढे जातो. सगळं शांत झाल्यावर तो उठतो, पाठ मोकळी करतो आणि चालू लागतो.

“उठला की हा!” भाऊ छाती धरून हसला. “मला वाटलं होतं, तू खरंच मारतेस.”

“मी कशी मारीन रे?” बाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना हलकं वाटलं. आता सगळं ठीक होणार, अशी त्यांची खात्रीच झाली.

दुसऱ्या दिवशी भाऊ ऑपरेशनच्या टेबलावरून उठला नाही.

पुस्तक महिन्याभराने आलं. बाईंनी ते उघडलं नाही. मालक आधी लेखकावर भडकला होता. पण पुस्तक हातोहात खपलं, दुसऱ्यांदा छापावं लागलं, तशी त्याची भाषा बदलली. एक दिवस तो स्वतः बाईंच्या घरी आला. वाईट माणूस नव्हता तो. भाऊ गेला तेव्हाही येऊन बसला होता. आता खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला आणि म्हणाला, “पुढचं कव्हर हवंय. जवळून. हेल्मेट काढलेलं, चेहरा नीट दिसेल असं.”

“आता मरू द्या त्याला,” बाई म्हणाल्या. “मी काढते. या खेपेला चांगला मेलेला काढते.”

“आता कसं जमेल?” मालक हळूच म्हणाला. “एवढ्यातून वाचलेला माणूस मारला तर लोक माझ्या दारात येऊन बसतील. तुम्हीच उठवलंत ना त्याला.”

यजमान उठून आत गेले. बाईंना खूप राग आला, पण तो नेमका कुणावर काढायचा हे त्यांना कळेना.

“किती दिवस काढायचा मी त्याला?” त्यांनी विचारलं.

“चालेल तोवर.”

बाईंनी कागद आणि पेन्सिल पुढे ओढली. मग त्यांनी विचारलं, “चेहरा समोरून हवा, की बाजूने?”